पाणी नको असलेली बोअर

"लोकां बोअर मारतत पाण्यासाठी. आमच्या घराक ती पाणी लागूक नको म्हणान मारूची आसा."

हे वाक्य माझ्या यजमानांनी सदऱ्याला ऐकवलं. विश्राम कुरकुर करतात ती सदरा घालताना, डोकं आत अडकलेलं असताना. आपल्याला बाहेरचं दिसत नाही म्हणजे बाहेरच्यांना आपलं ऐकू येत नाही, अशी त्यांची समजूत आहे. मी हातभर अंतरावर उशांचे अभ्रे बदलत होते. तीस वर्षं ते एसटीत कंडक्टर होते. गाडीभर माणसांशी बोलून जे शिल्लक राहिलं ते सदऱ्याच्या वाट्याला आलं. डोकं बाहेर आल्यावर त्यांनी मला पाहिलं आणि चहा झाला का, असं विचारलं.

तर ती बोअर. मला आमच्या घराला जमिनीतला हीट पंप बसवायचा होता. नाव ऐकून घाबरू नका, मीही आधी घाबरले होते. जमिनीच्या पोटात खोल गेलं की ना उन्हाळा असतो ना हिवाळा, बारा महिने एकच हवा. जर्मनीतला माणूस थंडीत तिथली ऊब यंत्राने ओढून घरात आणतो. आपण उलटं करायचं, घरातली उकड खाली नेऊन सोडायची. आमच्या किनाऱ्यावर एप्रिल-मेमध्ये माणूस झाकण ठेवून शिजवल्यासारखा शिजतो आणि पंखा लावला की वाफ फक्त जागा बदलते. त्यासाठी एक खोल भोक पाडायचं, त्यात प्लॅस्टिकचा पाइप सोडायचा आणि भोक बाजूने लगदा भरून कायमचं बुजवायचं. पाइपात तेच ते पाणी फिरत राहतं. खाली जातं, तळाशी वळतं आणि परत वर येतं. वळून परत येणारी कुठलीही वस्तू मला त्या दिवसांत बरी वाटायची.

कारण आमचा मिहीर चार वर्षांपूर्वी जर्मनीला गेला होता. इथे आयटीआय झालेला मुलगा तिथे जाऊन हेच काम शिकला, लोकांच्या परसात भोकं पाडून पाइप सोडायचं. चार चतुर्थ्या त्याच्याशिवाय झाल्या. आमच्याकडे माणूस किती दिवस आला नाही हे महिन्यांत मोजत नाहीत.

दर रविवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल येई. सुरुवातीची दोन वर्षं त्या कॉलचा मला धसकाच बसला होता. जेवलास? जेवलो. काय जेवलास? पाव. थंडी आसा? आसा. इतकं झालं की दोन मिनिटांत आम्ही मायलेक एकमेकांकडे बघून हसत बसायचो आणि विश्राम मागून "बिल वाढता मां तुझा" म्हणून आपल्यापुरता निरोप घ्यायचे. त्या कॉलला बिल येत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

मग एका रविवारी, काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, की काय रे, तो पाइप इतका खोल जातो, मग खाली तुंबत कसा नाही? आणि पोरगं चाळीस मिनिटं बोललं. कागद घेऊन चित्र काढून दाखवलं. हात हलवत, भुवया उडवत, लहानपणी पतंगाबद्दल बोलायचा तसा. मी दहावी झालेली बाई. मला त्यातलं अर्धं कळलं नाही, पण चाळीस मिनिटं मुलगा समोर बसून बोलतोय हे पूर्ण कळलं.

त्या दिवसापासून मी अभ्यासाला लागले. एक दोनशे पानी वही केली. कंप्रेसर म्हणजे काय, दाब म्हणजे काय, कुठल्या जमिनीत उष्णता लवकर पसरते, सगळं लिहून काढलं. जर्मन कारागिरांचे व्हिडिओ आवाज बंद करून बघितले. आवाज लावून उपयोग नव्हता, आणि हातांना काय भाषा लागते. पुढच्या रविवारचे प्रश्न बुधवारपासून तयार करायचे, सोपे आधी आणि अवघड शेवटी, म्हणजे तो मध्येच ठेवू शकणार नाही. एकदा माझ्याकडे प्रश्न संपले तेव्हा मी जुनाच प्रश्न शब्द बदलून विचारला. त्याने ओळखलं असणार. तरी पहिल्यापासून सांगितलं.

अशाच एका रविवारी तो म्हणाला, "आई, आपल्याकडे दहा घरांनी जरी ह्यां बसयल्यानी ना, तर मी उद्या येतंय."

हसत म्हणाला. हसत म्हटलेलं वाक्य खरं मानू नये एवढी अक्कल मला आहे. पण मी मानलं.

त्याच महिन्यात त्याला जन्मदाखल्याची नवी प्रत हवी झाली, शिक्क्यासकट आणि लवकर. कशाला, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बाहेरदेशी कायमचं राहायचं ठरलेल्यांचे असे दाखले ग्रामपंचायतीतला कौस्तुभच काढून देतो. त्याने शिक्का मारला आणि शाईचा डबा नीट बंद केला. तो आधीच बंद होता.

दहा घरं म्हणजे दहा घरांना यंत्र बसवणारी माणसं हवीत. म्हणून मी कणकवलीला एका प्रशिक्षण केंद्रात चौकशीला गेले. तिथल्या बाईंनी आपुलकीने एक यादी पुढे केली: शिवणकाम, ब्युटी पार्लर, काजूप्रक्रिया. मी हीट पंप म्हटलं. त्यांनी यादी उलटून पाहिली, मागे कोरी होती. मग म्हणाल्या, तुम्ही फळप्रक्रिया घ्या, त्यातही उष्णता असते. मी त्यांना समजावायला वही काढली, तर त्यांनी माझ्या चित्राकडे बघून विचारलं, हे बाळंतिणीसाठी आहे का? परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी ठरवलं, की वर्ग आपल्याच पडवीत भरवायचा. शिक्षक जर्मनीतून.

विद्यार्थी दोन मिळाले. पहिला बाबली. वाडीतल्या प्रत्येक विहिरीचा पंप हाच बसवतो आणि हाच बिघडवतो. वय पन्नाशीचं, हत्यार एक हातोडा. दुसरी सारिका. मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करते, दोन मुलांची आई, बोलत नाही, कानामागे टेस्टर असतो. रविवारी दुपारी फोन पाटावर उभा करायचा, आम्ही तिघं समोर बसायचो आणि मिहीर दोन-दोन तास शिकवायचा. मी मध्येच आंबोळ्या घालायला उठले की म्हणायचा, "आई, तू उठू नको, ह्यां महत्त्वाचां आसा." मुलाने आईला वर्गात बसवून ठेवणं यापरतं सुख मी तरी पाहिलेलं नाही. त्याने एकदा परीक्षाही घेतली. बाबलीने सारिकाचं बघून लिहिलं. परीक्षेवर लक्ष ठेवायला मीच असल्याने गप्प बसले आणि सारिकाचंच बघून माझं एक उत्तर दुरुस्त केलं.

बाबलीचा एक आक्षेप मात्र शेवटपर्यंत टिकला. त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, जर्मनीत चिरो असता काय रे? जांभा दगड तिथे नसतो, असं मिहीर म्हणाला. "मगे भोकां पाडूक काय लागता," बाबली म्हणाला, आणि त्यानंतर जर्मनीविषयीचा त्याचा आदर संपला.

आता बातमी वाडीभर झाली. सल्ले सुरू झाले. समुद्राकडच्या अंगाला पर्यटकांसाठी खोल्या काढलेले एक गृहस्थ येऊन सांगून गेले की जमिनीतली उष्णता काढणारच आहात तर राजापूरसारखं गरम पाण्याचं कुंडच काढा, माझी गिऱ्हाइकं पाठवतो, पाय बुडवून बसतील. निवृत्त भूगोलाचे गुरुजी भूकंपाची शक्यता समजावून गेले आणि जाताना, घर थंड होणार असेल तर दुपारी पेपर वाचायला येईन, असंही म्हणाले. शेजारच्या काशीबाई सत्तरीच्या आहेत आणि माझ्या लग्नापासून मला सुधारत आहेत. त्यांनी नीट सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गो आनंदी, तुझी उकड तू खाली सोडतलंस. मगे खालच्यांनी खंय जावचां?"

मी हा प्रश्न वहीत उतरवला. रविवारी मिहीरला विचारलं. त्यानेही तो उतरवून घेतला.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. यंत्र कधी येणार, कसं चालणार, सगळं लोक विचारायचे. ते बसवायला मिहीर कधी येणार, हे कोणी विचारत नव्हतं. काशीबाई, ज्या माझ्या आमटीत मीठ किती हेही विचारतात, त्यासुद्धा. त्याचं नाव निघालं की माणसं एकदम पाइपाची जाडी विचारायची.

परवानगीसाठी मी पुन्हा कौस्तुभपुढे उभी राहिले. बोअरच्या अर्जात एक रकाना होता: उद्देश. पिण्याचे पाणी, शेती, इतर. मी म्हटलं, इतर. इतर म्हणजे काय, ते त्याला लिहायचं होतं. मी दहा मिनिटं सांगितलं. तो ऑफिसात शुद्ध बोलतो. म्हणाला, "काकी, थोडक्यात सांगा. पाणी हवंय की नकोय?" नकोय, मी म्हटलं. त्याने लिहिलं: 'अर्जदारास पाणी लागू नये अशी अपेक्षा आहे.' वरच्या कचेरीतून तीन आठवड्यांनी शेरा आला: पाणी लागल्यास अर्जदार काय करणार, याचा खुलासा करावा. मी खुलासा लिहिला, 'लागणार नाही.' तो मंजूर झाला. सरकारी कागदावर इतकी ठाम मी आयुष्यात पहिल्यांदाच होते.

खरं तर यंत्राला पाण्याचं वावडं नाही, उलट ओल्या जमिनीत उष्णता जास्त लवकर पसरते, असं मिहीरने शिकवलं होतं. पण ही आमची वाडी आहे. फाल्गुन सरला की इथल्या विहिरी खारट होतात, बायका कळशा घेऊन पलीकडच्या वाडीत जातात आणि तिथल्या बायकांचं बोलणं ऐकून घेतात. अशा गावात पाणी लागलेलं भोक लगद्याने बुजवून दाखवा. म्हणून बाबलीने उपाय काढला: पाणाड्याला बोलवायचं आणि पाणी नसलेली जागा शोधून घ्यायची.

पाणाडी सत्यवान. तळहातावर नारळ ठेवून जमिनीवरून चालतो. पाणी असेल तिथे आडवा नारळ उभा राहतो, असा त्याचा पंचक्रोशीत लौकिक. आमची मागणी ऐकून त्याने नारळ पिशवीत परत ठेवला. "पाणी नसलेली जागा दाखवूक माका आजपर्यंत कोणी बोलवक नाय," तो म्हणाला. अपमान झाला होता त्याचा. त्याला दोन कप चहा आणि बाबलीची शपथ लागली. मग तो आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उलटसुलट फिरला. तुळशीच्या डाव्या हाताला नारळ असा काही निपचित पडला की सत्यवानलाच वाईट वाटलं. इथे पाताळापर्यंत थेंब नाही, लिहून देतंय, म्हणाला. मी लिहून घेतलं. पुन्हा खुलासा मागितला तर जोडता येईल असं वाटलं.

बोअर रविवारी ठेवली, म्हणजे मिहीरला सुट्टी. तो तिकडून देखरेख करणार होता. बोअरची गाडी खळ्यात शिरताना काशीबाईंचा गडगा पडला. दगड रचलेली भिंत ती, पडायचीच होती, पण तिने हा दिवस निवडला. मग मशीन सुरू झालं आणि चिऱ्याची तांबडी धूळ उडाली. वाळत घातलेली कोकमं, विश्रामचे दोन सदरे, भूगोलाचे गुरुजी, सगळं एका रंगाचं झालं. सारिका फोन उंच धरून मिहीरला दाखवत होती. तो तिकडून ओरडून सूचना देत होता. बाबली त्यातली एकही ऐकत नव्हता आणि प्रत्येकीला मान डोलवत होता. विश्राम पायरीवर बसले होते. ते फोनकडे बघत नव्हते.

साठ फूट झालं, सत्तर झालं. धूळ कोरडी. सत्यवान लोकांत फिरून स्वतःचं अभिनंदन स्वीकारत होता. पंच्याऐंशीला धूळ दमट झाली. नव्वदीला भोकातून पाण्याचा असा फवारा उठला की गाडीवाल्याने टोपी काढली.

मग काशीबाई पडलेल्या गडग्यावरून चालत आल्या, ओंजळ धरली आणि चाखलं. आमच्याकडे हे फार जपून करतात. तोंडात घोळवलं. परत एक ओंजळ घेतली.

"गोडां आसा," त्या म्हणाल्या.

पुढच्या दहा मिनिटांत खळ्यात कळशा उगवल्या. कुणी हळद-कुंकू आणलं, कुणी गूळ वाटला. सत्यवान म्हणत होता, की नारळ इतका गाढ झोपतो तेव्हा खाली पाणी नक्की असतं, हे त्याला आधीच ठाऊक होतं. मी मात्र हातात लगद्याची पिशवी धरून उभी होते, बुजवायला आलेली बाई.

फोनवर मिहीर खूश होता. पाणी लागलं तर उत्तमच, पाइप सोडा आणि दोन तासांत भरून घ्या, म्हणाला. माझ्या दोन्ही विद्यार्थ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सारिकाने कानामागचा टेस्टर काढून खिशात टाकला. बाबली फोनच्या अगदी तोंडाशी गेला.

"मिहिरा, तू शिकयलंस ता सगळां करीन. पाणी लागलेलां भोक मी बुजवूचंय नाय."

बरं, मग वीस फूट सोडून दुसरं मारा, मिहीर म्हणाला. अगदी बरोबर होतं त्याचं. गाडी खळ्यातच होती, दिवस बराच उरला होता, जागाही होती. पण गाडीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी बाबलीकडे पाहिलं, बाबलीने जमिनीकडे. मारूया, असं कोणी म्हणेना. मी फोन सारिकाच्या हातातून घेतला. इतक्या रविवारांत हजार प्रश्न विचारले होते, एवढा एकच वहीत लिहायचा राहिला होता.

"दुसरां मारलां, तर यंत्र बसवक तू कधी येतलंस?"

तो हसला नाही. मग म्हणाला, आई, त्या पाइपाची जाडी बत्तीसच घ्या, चाळीस नको.

बत्तीस, मी म्हटलं. वहीत लिहिताना म्हणते तसं दोनदा म्हटलं आणि फोन सारिकाला परत दिला.

मग काशीबाईंनी कार्यक्रम हातात घेतला. नवं पाणी लागलं की गाऱ्हाणं घातल्याशिवाय कळशी भरायची नाही. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेलं म्हणणं. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणायचं. हुंकार आल्याशिवाय पुढचं वाक्य बोलता येत नाही, आणि बोलून झालेलं वाक्य परत घेता येत नाही. ते घालायचं घरधन्याने. विश्राम मागे सरतील असं मला वाटलं. ते पायरीवरून उठले, पाय धुतले, भोकापाशी पानाचा विडा ठेवला आणि हात जोडले. सारिकाने फोन पुढे धरला, मिहीरलाही दिसावं म्हणून. तिथे सकाळचे अकरा वाजले होते.

"बा देवा महाराजा."

व्हय महाराजा.

"आज ह्या खळ्यात तू पाणी दिलंस, ता वाडीच्या लेकराबाळांका पुरान उरां दे."

व्हय महाराजा. गुरुजी सगळ्यांत मोठ्याने.

"कोणाचां काय चुकलां-माकलां आसात, कोणाचो गडगो पडलो आसात, तर पदरात घे."

व्हय महाराजा. काशीबाई जरा उशिराने.

विश्राम थांबले. हात तसेच जोडलेले. संपलं असं समजून बायका कळशांकडे वळल्या होत्या.

"देवा महाराजा, ह्यां भोक पाण्यासाठी मारूक नाय. ह्या घरच्या बायलमाणसान ता आपल्या झिलासाठी मारल्यान. यंत्र बसलां, काम उभां रवलां, की तो परत येतलो, असां तिना मनात धरल्यान."

दोन-चार जण हळू म्हणाले, व्हय महाराजा.

"तो येवचो नाय, महाराजा. तो आता थंयच रवतलो. माका ठावक आसा, वाडीक ठावक आसा, आनंदीक आमच्या सगळ्यांच्या आधी ठावक आसा. कोण बोलूक नाय. आज तुझ्या समोर मी बोलतंय."

कोणी हुंकार देईना. काशीबाईंचं तोंड उघडं राहिलं होतं. बाबली कळशीच्या आत बघत होता. भोकाच्या तोंडाशी पाणी बुडबुडत होतं आणि विश्राम हात जोडून उभे होते, कारण हुंकाराशिवाय त्यांना पुढे जाता येत नव्हतं आणि मागेही येता येत नव्हतं.

मग सारिकाच्या हातातून, त्या एवढ्याशा फोनमधून, घसा खाकरल्याचा आवाज आला.

"व्हय महाराजा," मिहीर म्हणाला.